दोन हात, नाहीतर दोन कोस

अण्णा,

परवा मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी कडाक्याचं भांडले. घरात येऊन पाणी प्याले, तेव्हा लक्षात आलं की खरा राग त्याच्यावर नाही, तुमच्यावर आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. वडिलांवर इतक्या उशिरा चिडणं शहाणपणाचं नाही हे मला कळतं, पण तुमची मुलगी शहाणी कधी होती? आईवर गेलेली, असं तुम्हीच म्हणायचात.

झालं असं. इंद्रपुरीचं घर विकून मी बिट्टन मार्केटच्या मागे एक फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर, एकटीपुरता. होळी झाली, ऊन तापायला लागलं म्हणून बाल्कनीतला कूलर पुसायला घेतला, तर मागच्या जाळीतून माश्यांची ये-जा चाललेली. आत डोकावले. सातेरी माश्यांचं मोहोळ. सात पोळी, वाळत घातलेल्या टॉवेलांसारखी ओळीनं लटकलेली. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण खालच्या मजल्यावर दोन माश्या गेल्या आणि सेक्रेटरी फवारणीचा माणूसच घेऊन वर आला. पाठीला टाकी, तोंडाला रुमाल. "दो मिनट का काम है, मैडम." मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, मारायचं नाही, हटवायचं आहे. सेक्रेटरी म्हणाला, "तो हटाएगा कौन? आपको संडे तक का टाइम है, उसके बाद हम स्प्रे करवा देंगे." अण्णा, एके काळी कारखान्याच्या आख्ख्या टाउनशिपला या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. "बरखेड़ा में वो मराठी भाईसाब हैं न, वाइंडिंग वाले, उनको बुला लो." ते उत्तर बंद का पडलं, हे फक्त मला माहीत आहे.

मार्च-एप्रिलमध्ये आमचा एकही रविवार आमचा नसायचा. थंडीभर मिटून ठेवलेले कूलर लोक उघडायचे आणि किंचाळत बाहेर यायचे. मग कुणीतरी सायकल मारत आमच्या क्वार्टरच्या फाटकाशी. आई कढईत काही घालत असली तर तिथूनच म्हणायची, "जा, सासुरवाडीहून बोलावणं आलंय तुम्हाला." तुम्ही हसायचात आणि साबण न लावता हात धुवायचात, कारण त्यांना वास नको. बरोबर धुरासाठी गोवरीचा तुकडा, सुरी, पॅकिंगच्या फळ्या जोडून बनवलेली ती पेटी, आणि आईच्या चहाच्या दोन गाळण्या. राणी सापडली की एका गाळणीत घ्यायची, दुसरी वरून पालथी घालायची आणि कडेनं दोरा गुंडाळायचा. राणी पेटीत गेली की बाकीच्या आपोआप मागे जातात, असं तुम्ही सांगायचात. वर्षभरात किती गाळण्या गेल्या यावरून आई पाहुण्यांसमोर तुमची थट्टा करायची आणि तुम्ही मान खाली घालून चहा प्यायचात.

कारखान्यातल्या वाइंडिंग शॉपमध्ये दिवसभर तुम्ही तांब्याच्या कॉइलवर सुती पट्टी गुंडाळायचात, अर्धी पट्टी मागच्या वेढ्यावर, अर्धी पुढे. टाकून दिलेले तुकडे खिशात घेऊन यायचात आणि तसेच्या तसे वेढे देऊन कापलेलं पोळं लाकडी चौकटीला बांधायचात. माश्या मेणानं पोळं चिकटवून घेत आणि मग ती पट्टी कुरतडून बाहेर फेकत. पेटीच्या तोंडाशी पांढरा पिंजलेला कापूस पडलेला दिसला की तुम्ही आम्हाला बोलावून दाखवायचात. "मानलं बघ घर त्यांनी." तेवढ्या एका वाक्यासाठी तुम्ही आठवडाभर थांबू शकायचात. मला मात्र दूध उतू जाईपर्यंतसुद्धा थांबता यायचं नाही.

एक रविवार मला अजून बोचतो. मी चौदा वर्षांची असेन. सकाळी आईशी वाजलं होतं, वेणीवरून. दोन ओळी सोडून एका क्वार्टरमध्ये मोहोळ होतं आणि तुम्ही मला नेणार होतात, पहिल्यांदाच, हात लावू देणार होतात. त्या क्वार्टरच्या फाटकापर्यंत मी तुमच्यामागे आले आणि तुम्ही वळलात. "आज तू नको. तू चिडलेली आहेस. श्वासात कळतं त्यांना." आवाज चढवला नाही, काही नाही. वाणसामानाची यादी वाचावी तसं म्हणालात. मी दोन तास कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि तुम्हाला पाहत राहिले. तुम्ही अर्धा तास नुसते बसलात, माश्या कुठून येतात, कुठे जातात ते बघत, क्वार्टरवाल्यांच्या घरचा चहा पीत. मग कुठे सुरी उचललीत. त्या दोन तासांत मी सगळं शिकले, पण रागानं शिकले. नंतर तुम्ही चार वेळा बोलावलंत आणि चारही वेळा मी आले नाही. तेव्हा एकदा तरी हाताला धरून नेलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण तुम्ही कुणावरच जोर करायचा नाहीत, माशीवरही नाही आणि मुलीवरही नाही.

आणि तुमचा तो एक नियम. पेटी हलवायची तर दोन हात, नाहीतर दोन कोस. मधलं काही नाही. दोन हात सरकवली तर त्यांना सापडते. दोन कोस नेली तर सगळंच नवं दिसतं, त्या नव्यानं वाट शिकतात. पण मधेच कुठेतरी ठेवली तर सकाळी ओळखीच्या वाटेनं जातात आणि ओळखीच्या वाटेनंच परत येतात, जुन्या जागी, जिथं आता पेटी नाही. म्हणून तुम्ही प्रत्येक मोहोळ सायकलच्या कॅरिअरला बांधून रायसेन रोडवरच्या तुमच्या मित्राच्या पेरूच्या बागेत नेऊन ठेवायचात. ड्यूटी करून आलेला माणूस, संध्याकाळी, एवढ्या लांब. मी म्हणायची, टाउनशिपच्या टोकाला मोकळं मैदान पडलंय, तिथे ठेवा ना. तुम्ही म्हणायचात, "दोन कोस म्हणजे दोन कोस."

तुम्ही रिटायर झालात आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. इंद्रपुरीचं घर तयार होतं, रस्ता ओलांडला की जेमतेम दीड किलोमीटर. मागच्या अंगणात शेवग्याखाली तुमची स्वतःची पेटी होती, बारा वर्षांची. तुम्ही सगळं ठरवलं होतं. पेटी आधी बागेत न्यायची, तीन आठवडे तिथे ठेवायची, जुनी जागा त्या विसरल्या की इंद्रपुरीच्या गच्चीवर आणायची. नेमकं तेव्हाच तुमचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. हॉस्पिटलच्या खाटेवरून तुम्ही मला तीन वेळा समजावून सांगितलंत. संध्याकाळी सगळ्या आत आल्या की तोंडाला ओलं फडकं लाव. पेटी हिंदकळू देऊ नकोस. बागेत तोंड पूर्वेला कर. मी तिन्ही वेळा "हो" म्हटलं.

त्या दिवशी सकाळपासून मी एकटी होते. दादा बंगलोरला. आई नव्या घरी सामान लावत होती. क्वार्टर ताब्यात घ्यायला आलेला माणूस प्रत्येक खोलीत जाऊन बटणं आणि नळ तपासत होता, एका कडीवरून त्यानं मला अर्धा तास उभं केलं. टेम्पोवाला घाई करत होता. संध्याकाळी पेटीला फडकं लावलं आणि रिक्षा बघायला गेले. माश्या म्हटल्यावर दोन रिक्षावाल्यांनी मान हलवली, तिसरा हसला. अंधारून आलं होतं, आणि मला तुमचा, तुमच्या माश्यांचा, तुमच्या दोन कोसांचा असा काही संताप आला की मी पेटी उचलली आणि टेम्पोत गाद्यांच्या वर ठेवून दिली. इंद्रपुरीच्या गच्चीवर नेली, फडकं काढलं आणि खाली येऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तुम्ही विचारलंत, "ठेवलीस?" मी म्हटलं, ठेवली. "पूर्वेला?" म्हटलं, हो, पूर्वेला. आईला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, आता टाके भरेपर्यंत त्यांना काही सांगू नकोस. टाके भरले, तरी मी सांगितलं नाही. तुम्हाला जिना चढायची मनाई होती, म्हणून तीन आठवडे निभावलं. मग एका सकाळी म्हटलं, काल आणली पेटी बागेतून. तुम्ही कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेलात, झाकण उघडलंत आणि आत वाकून पाहिलंत. आत मूठभर माश्या होत्या आणि पोळ्याला कीड लागलेली. "बागेत काय झालं असेल?" तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, मुंग्या लागल्या असतील.

आठवड्यानं बरखेड्याचे जुने शेजारी तुम्हाला भेटायला आले. मी चहा घेऊन बाहेर येत होते. ते म्हणत होते, "भाईसाब, आपके पुराने क्वार्टर में तो गजब हो गया. आप लोग गए, उसके दूसरे ही दिन से मक्खियाँ सहजन के नीचे आने लगीं, जहाँ आपका डिब्बा रखा रहता था. खाली ज़मीन पे गुच्छा बना के बैठ जाती थीं. नए वालों के बच्चे छोटे हैं, डर गए बेचारे. मिट्टी का तेल डाल के जला दिया."

दूसरे ही दिन से. तुम्ही ते ऐकलंत. बागेतली माशी दुसऱ्या दिवशी बरखेड्याला येऊ शकत नाही हे तुमच्याइतकं कुणाला कळत होतं? मी ट्रे धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. कप उचललात आणि म्हणालात, "मेरा ही हिसाब गलत निकला. बाग से लौट आई होंगी." आणि मला काय वाटलं सांगू? वाईट नाही वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. मी सगळ्यांना बिस्किटं दिली.

त्यानंतर तुम्ही एकही मोहोळ काढलं नाहीत. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचात, "अब मेरा हिसाब ठीक नहीं बैठता, भैया." लोकांनी दोन वर्षं विचारलं, मग विचारणं सोडलं आणि फवारणीवाल्यांना बोलवायला लागले. तुम्हाला माहीत होतं की नाही, अण्णा? तो बागवाला मित्र दर महिन्याला आपल्याकडे यायचा. पेटी त्याच्याकडे आलीच नव्हती, हे एवढं त्याच्या तोंडून निघायचा अवकाश होता. मी दर वेळी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी राहायची. तुम्ही त्याला एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी पकडली गेले असते, रडले असते, आणि ते तिथेच संपलं असतं. माहीत असून मला वाचवलंत, तर तो मोठेपणा कुणी मागितला होता? आणि खरंच माहीत नव्हतं, तर तुमचा आयुष्यभराचा नियम चुकला असं समजून तुम्ही गेलात. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला अजून ठरवता येत नाही.

तर आज रविवार होता. सकाळी मी बिट्टन मार्केटमधून दोन गाळण्या आणि गोवरी आणली. माळ्यावरून पेटी काढली. हो, तीच, मी ती टाकली नव्हती. सुती पट्टी मिळाली नाही, जुना पेटीकोट फाडला. मग अर्धा तास नुसती स्टुलावर बसले, चहा घेऊन, माझा श्वास खाली येईपर्यंत. राणी दुपारी सापडली. तीन डंख झाले, त्यातला एक माझ्या घाईनं. संध्याकाळी फडकं लावलं आणि पहिल्याच रिक्षावाल्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मेरे को काटेंगी तो नहीं?" म्हटलं, "गुस्सा मत करना, बस." मला दुसरी कुठली जागा माहीत नव्हती, म्हणून त्या बागेतच गेले. अर्ध्या बागेत प्लॉट पडलेत, अर्धी झाडं आहेत. तुमचा मित्र केव्हाच गेला, आता त्याच्या मुलानं ठेवलेला एक म्हातारा माळी असतो. त्यानं कंदील धरला, मी पेटी विटांवर ठेवली, तोंड पूर्वेला केलं.

माळी म्हणाला, "बाई, ये लौट तो नहीं जाएँगी?"

मी म्हटलं, "नहीं लौटेंगी. मेरे पिताजी का हिसाब है. कभी गलत नहीं निकला."

माळ्यानं बरं म्हणून मान हलवली आणि कंदील घेऊन निघून गेला. हे वाक्य मी आज पहिल्यांदा उच्चारलं, अण्णा, तेही एका परक्या माणसापुढे. क्वार्टर सोडल्यानंतर नऊ वर्षं तुम्ही रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा घेत होतात.