हाताचा गुण

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळ.
कारंज्याच्या दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून आज सोळावा दिवस. माझा रेकॉर्ड. पुण्यात मोबाईल रिपेअरिंग अकरा दिवस, नागपुरात कॅटरिंग नऊ. आता मेडिकल लाइन फायनल. संकल्प दोन. रोज डायरी लिहिणे. भटकणे बंद.

सोमवार, तीच तारीख. दुपार.
आज इतिहास झाला. किराणावाले बाबूलालशेठ आले, पहाटेपासून लघवी बंद, कॉटवर मासोळीसारखे तडफडत होते. शाजिया सिस्टरने दोनदा नळी घातली, दोन्ही वेळा मधेच अडली. मग तिने बधिर करणाऱ्या जेलीची अख्खी ट्यूब आत सोडली आणि पाच मिनिटं नुसती उभी राहिली. मला वाटलं, हरली. नंतर वाकड्या टोकाची नळी घेतली, अडते तिथपर्यंत नेली, शेठले म्हणे, लंबा श्वास घ्या. तेवढ्यात डॉक्टर सरांनी तिला हाक मारली. जाता जाता सिस्टर मला म्हणे, आहे तिथंच धर, हलवू नको. मी धरली. शेठने श्वास सोडला आणि नळी सर्रकन आत! पिशवीत लिटरभर. शेठने डोळे उघडले तर नळी माझ्या हातात. म्हणे, देवमन, तुया हाताले गुण हाय लेका.
सिस्टर परत आली आणि पिशवीवरचा आकडा लिहून निघून गेली. जळली असावी.

गुरुवार, ९ जानेवारी.
सिस्टरचं लेक्चर. नळीच्या टोकाजवळ फुगा असतो. नळी मूत्राशयात पोचली की सिरिंजने फुग्यात पाणी भरायचं, मग ती निसटत नाही. पण पिशवीत लघवी दिसल्याशिवाय फुगा भरायचा नाही. मेला तरी नाही. अडली तर जोर लावायचा नाही. पुरुषाचा रस्ता लांब, वळणाचा, म्हाताऱ्यांची प्रोस्टेटची गाठ वाढलेली, तिथं घाई केली की फाटतं. पुढचंही लिहून घेत होतो, पण शेजारच्या गच्चीवर पतंगांची काटाकाटी चालू होती. हिरवा कटला.
माझं मत : हे नियम ज्याच्या हाताले गुण नाही त्याच्यासाठी.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.
बाबूलालशेठ साखर तोलता तोलता गिऱ्हाइकांना माझं सांगतात. आज धनजहून तुळसाबाईचा फोन. तिच्या नवऱ्याले, नानाजीले, सहा महिन्यांपासून नळी आहे, दर महिन्याला बदलावी लागते. म्हणे, दवाखान्यात लय झोंबते भाऊ, तुमच्या हाताले गुण हाय म्हनतात, तुमीच या. सिस्टरला सांगितलं. म्हणे, तू जाशील तर तुझे हात मोडून ठेवीन, म्हाताऱ्याले इकडं आणायले सांग. तुळसाबाईला कळवलं : येतो.
कार्ड छापायचं. ‘देवमन. नळी स्पेशालिस्ट.’ खाली कमळ की साप, ठरत नाही.

रविवार, १९ जानेवारी. सकाळ ८.
फोन. नानाजीची नळी तुंबली, पिशवी कोरडी. तुळसाबाई म्हणे, पोट गोट्यावानी झालं, लवकर या भाऊ. सिस्टरची सुट्टी. कपाटातून नळी, सिरिंज, पिशवी घेतली. निघालो.

रविवार. दुपार १.
वाटेत शंकरपट लागला. बैलांची शर्यत, किती दिवसांनी! एकच जोडी पाहू म्हटलं. मग फायनलच पाहिली. लाखाचा बैल शेवटच्या दहा फुटांत मागं पडला, मालक रडत होता. मोबाईल पाहिला तर तुळसाबाईचे अकरा मिस्ड कॉल. माणसाला एवढी मागणी असणं काही खोटं नाही.

रविवार. संध्याकाळ.
शांतपणे लिहितो.
पोचलो तेव्हा नानाजी भिंतीला डोकं टेकून गुडघ्यांवर बसलेले. ओठ पांढरे. मले पाहून रडले, म्हणे, आला रे बाप्पा माया. अर्धं गाव दारात. जुनी नळी मस्त काढली, लोकांनी मान हलवली. मग लक्षात आलं, जेली कपाटातच. तुळसाबाईने खोबरेल तेल दिलं. नळी निम्मी गेली आणि अडली. थोडा जोर दिला. नानाजी असे ओरडले की पटावर एवढी आरोळी नव्हती. ओरडणं म्हणजे रस्ता मोकळा होतोय. पिशवीत थेंब नाही. नियम आठवला. पण दारातून एक म्हातारा म्हणे, काहून बे, थांबला काहून, गुन सरला का? तीस माणसं पाहून राह्यली होती. सिरिंज लावली. फुगा भरला.
नानाजी आता ओरडले नाहीत. नुसतं तोंड उघडलं.
पिशवीत आलं, पण लाल. मी सांगितलं, जुनी लघवी आहे, अशीच असते. तुळसाबाई म्हणे, जुनी लघवी चादरीवर काहून पसरून राह्यली?
सिस्टरला फोन. ती म्हणे, ओढू नको. पाणी काढ फुग्यातलं. आणि मग हात लावू नको कशालेच. तिनेच १०८ला कळवलं. गाडी अकोल्याला गेली. मी मागून जाणार होतो, पण पेट्रोल रिझर्व्हला होतं.

बुधवार, २२ जानेवारी.
अकोल्याहून बातमी. नानाजी वाचले. बेंबीखाली भोक पाडून तिथून लघवीची नळी बसवली. म्हणजे खालचा रस्ता बंदच होता! माझं निदान बरोबर. सिस्टरला बोलून दाखवलं. म्हणे, रस्ता होता देवमन. फुगा रस्त्यातच फुगवला तू. आता जन्मभर पोटातून.
सरांनी उद्यापासून येऊ नको सांगितलं. तसाही मी सोडणारच होतो. बंद खोलीत माझा जीव रमत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी.
धनजवाले मोठ्या मनाचे. पोलिसात गेले नाहीत. नानाजीनेच नाही म्हटलं म्हणे, कुठं कुठं दाखवू सांगा. यावरून त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही नसावं.
नवीन संकल्प : लग्नात ड्रोन उडवणे. हात स्थिर लागतो. तो आहे.

रविवार, १६ मार्च. सकाळ १०.
कारंजा बसस्टँड. मंगरूळपीरला ड्रोनवाल्याकडे चाललो होतो. बाकावर नानाजी आणि तुळसाबाई, अकोल्याच्या गाडीची वाट पाहत. निम्मे झालेत नानाजी. सदऱ्याखालून नळी निघून मांडीवरच्या पिशवीत. म्हटलं, पाया पडून येऊ, माणुसकी आहे.
मी दोन पावलं टाकली तसे नानाजीचे दोन्ही हात उचलले गेले. मला वाटलं, नमस्कार करतात.
हात खाली गेले. धोतरावर, मांड्यांच्या मधे, गच्च. मी जागेवर उभा राहिलो तरी त्यांनी ते काढले नाहीत. गाडी आली. तुळसाबाईने दंडाला धरून चढवलं. पायरी चढतानाही नानाजीने दांडी धरली नाही.