तुझ्या गोळ्या, माझं पोट

१४ मार्च, रविवार दुपार

धाकटे,

पत्र पोचलं. तुम्ही सगळे मजेत आहात हे वाचून बरं वाटलं. इकडेही ठीक. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, शिलाई मशीनला उसंत नाही.

तू आता सगळं खातेस, पोटाची आठवणही येत नाही म्हणे. वाचून माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? लहानपणी परीक्षा आली की आपल्या दोघींची पोटं बिघडायची. त्यामुळे डॉक्टरांनी तुला आयबीएस, म्हणजे नुसतं हळवं आतडं, सांगितलं, तेव्हा आईनं त्याच गोळ्या मलाही आणून दिल्या. तू बरी झालीस. मी नाही. आई म्हणते, धाकटी पथ्य पाळते, तुझं तोंड आवरत नाही. कायमचंच आहे ते, तू शहाणी आणि मी हावरट.

एका बाबतीत मात्र मी तुझ्यावर मात केली. बारीक झाले. तुझा तो निळा ड्रेस माझ्या दंडावरसुद्धा चढत नव्हता, तो आता सैल होतो. माझे कपडे मीच टीप मारून बारीक केले, मग पुन्हा केले. गिऱ्हाइकं विचारायची, काय केलंस गं? मी नुसती हसायची. मावसभावाच्या लग्नात तू शेजारी असशील आणि लोक माझ्याकडे बघतील, या विचारानंच मी हवेत होते. म्हणून बाकीचं कोणाला सांगितलं नाही.

बाकीचं म्हणजे, कळ येऊन झोपेतून जाग येते. आणि शौचाला रक्त पडतं. मूळव्याध असेल म्हणून सोडून दिलं होतं.

मंगळवारी दुकानातच चक्कर आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, बहिणीचं तेच माझं. त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं आणि तुझ्या गोळ्यांचं पाकीट बाजूला सारलं.

"आयबीएसनं पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. पण त्यानं रक्त पडत नाही, वजन असं उतरत नाही. तुमचं वेगळं आहे."

आतड्याला सूज असेल, जखमा असतील, आणखीही काही असेल म्हणाल्या. आणखी काही म्हणजे काय, ते विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी दुर्बिणीची तपासणी आहे. भूल देतात, म्हणून घरचं माणूस सोबत लागतं. ह्यांना सांगितलं तर लगेच आईला कळेल. तू ये.

आजवर तुझं जे जे होतं, ते मला हवं होतं. आता फक्त तुझा आजार हवाय, आणि नेमका तोच माझ्या वाट्याला नाही.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
ताई