काटछाट करू नये

१६ नोव्हेंबर २०२१

केदारचा फोन. जानेवारीत या म्हणतो! कंपनी यंदा कामगारांच्या आईवडिलांना बोटीवर बोलावते आहे. २४ तारखेला मुंबईहून निघायचं, गोवा करून परत. चार दिवस. तो खाली भटारखान्यात कामाला असेल, पण दुपारचे दोन तास त्याला मोकळे मिळतील.

तेवीस महिने झाले त्याला जाऊन. करार संपला तेव्हा विमानं बंद होती. विमानं सुरू झाली तेव्हा कंपनीने त्याला दुसऱ्या बोटीवर घातलं. आता त्याची बोट दर आठवड्याला मुंबईला लागते, तरी कामगारांना धक्क्यावर पाय ठेवू देत नाहीत. नगरहून मुंबई सहा तासांवर. तिथे माझा मुलगा उभा असतो आणि मला दिसत नाही.

अट एकच. प्रवाशाचे लसीचे दोन्ही डोस हवेत आणि दुसरा होऊन चौदा दिवस उलटलेले हवेत. माझे झालेत. केदारच्या बाबांचा, सुमंतचा, एकही नाही.

१८ नोव्हेंबर

विषय काढला. सुमंत पेपर वाचत होता, तो खाली न ठेवताच म्हणाला, "प्रेमलाताईला विचार."

ताई त्याची मोठी बहीण, नेवाशाला असायची. एप्रिलमध्ये लस घ्यायला गेली, पाच तास रांगेत उभी राहिली. आठव्या दिवशी ताप, चौदाव्या दिवशी गेली. रांगेतच लागण झाली असणार, असं डॉक्टर म्हणाले. सुमंतच्या डोक्यात मात्र टोचलं आणि गेली एवढंच राहिलं आहे. सदतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. याच्यापुढे मी आकडे मांडणार तरी कसे? त्यातून साखर आहे त्याला.

मी म्हटलं, मग केदारला भेटायचं नाही का? पेपरचं एकच पान अर्धा तास तोंडासमोर धरून बसला होता.

२२ नोव्हेंबर

आणि नेमकं आजच! आमच्या पेपरच्या संपादकांनी विषय दिला — 'बोटीवर लस सक्तीची असावी का?' म्हटलं, नगरला समुद्र नाही. ते म्हणाले, जाहिराती आहेत. खरंच आहेत. नाताळच्या बोट-सहलीची अर्ध्या पानाची जाहिरात गेल्या रविवारीच लागली. बाजूने मी लिहायचं, विरोधात एक वकील लिहिणार. पाच वाजेपर्यंत मजकूर हवा.

साडेचारला दिला. शिंगणापूरवरून सुरुवात केली. तिथल्या घरांना दारं नाहीत, ती गावाच्या आपसातल्या करारामुळे. बोटही तशीच. आत शिरलेला माणूस सगळ्यांच्याच घरात शिरतो. त्याला नको वाटलं तर तो चार दिवसांनी उतरून घरी जातो. ताटं धुणारा, चादरी बदलणारा उतरू शकत नाही. नियम त्याच्यासाठी आहे. एकाला सूट दिली की करार मोडला.

घरी सुमंतने कच्चा मजकूर वाचला. माझा प्रत्येक लेख तो तांबडं पेन घेऊन वाचतो. आज पेनचं टोपण काढलं नाही. "चूक नाही कुठे," म्हणाला. "मत वेगळं आहे."

२३ नोव्हेंबर

लेख छापून आला. देवळाली प्रवऱ्याच्या आप्पासाहेबांचा सकाळीच फोन. ऊस बागायतदार, माझ्या वाचकांच्या पत्रांच्या पानाचे जुने गिऱ्हाईक. "बाई, तुमी लिव्हलं ते बराबर हाय. पन आमी आपले उसाच्या ट्रॉलीत बसनारे. तिथं कोन कागद इचारीत न्हाई. बसतो का, एवढंच इचारत्यात."

दिवसभरात तेवढंच हसले.

२६ नोव्हेंबर

लिहावं की नाही? इथे नाही लिहायचं तर कुठे.

अश्विनीला फोन केला. सुमंतची विद्यार्थिनी. प्रवरेकाठच्या एका उपकेंद्रात नर्स आहे, कंत्राटी. आई शेतात मजुरीला जायची, ही दहावीनंतर शाळा सोडणार होती. सुमंत सलग तीन रविवार त्यांच्या वस्तीवर जाऊन बसला तेव्हा पुढे शिकली. दर गुरुपौर्णिमेला येते, पाया पडून जाते. आता तिच्याकडे घरोघर जाऊन लस देण्याची मोहीम चालू आहे, टार्गेट आहे, वरून रोज विचारणा होते. हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच फोन केला.

आधी म्हणाली, "काकू, सरांना आना ना इकडं. मी टोचते, कळनार बी न्हाई."

ते येणार नाहीत म्हटलं.

मग हळूच म्हणाली, "सरांचं काम हाय. आधारचा फोटो पाठवा."

मोबाईल नंबर मी माझा दिला.

२७ नोव्हेंबर

दुपारी मेसेज आला. 'सुमंत यांना पहिला डोस यशस्वीरीत्या देण्यात आला.' तो समोर बसून शेंगा सोलत होता.

३० नोव्हेंबर

सुमंतला सांगितलं की ज्यांनी लस घेतली नाही त्यांच्यासाठी कंपनीने सवलत काढली आहे, नाकातली तपासणी केली की चालतं. सहज सांगितलं. तो लगेच उठला आणि माळ्यावरून बॅग काढली. जानेवारीची तयारी नोव्हेंबरात! तिच्या चाकांना तेल घातलं.

२५ डिसेंबर

दुसरा मेसेज. लगेच पुसून टाकला, तरी दोन्ही ओळी डोळ्यांसमोरून जात नाहीत.

२६ डिसेंबर

केदार आज त्याच्या बाबांशी बोलला, तासभर. मी ओट्याशी होते, एकच बाजू ऐकू येत होती. सुमंतने शिक्षकासारखं विचारलं — सवलत काढली ते ठीक, पण मुळात तुमच्या या नियमाने तुमचं काय भलं होतं, ते समजावून सांग. माझ्या हातातला पेला निसटला. पण केदारच्या तिकडे आवाज खूप होता, सवलतीचं त्याला ऐकूच गेलं नसावं.

नंतर सुमंतने सांगितलं. गेल्या वर्षी बोट ऐंशी दिवस समुद्रात उभी होती. खाली एका खोलीत चौघे झोपायचे. केदारच्या वरच्या फळीवरचा कोचीचा मुलगा तापाने गेला. आठ दिवस त्याचा देह शीतगृहात ठेवला होता. केदार रोज शेजारच्या शीतगृहातून भाजी काढायचा.

आम्हाला यातलं एक अक्षर बोलला नव्हता. आई रडेल म्हणून.

सुमंत जेवला नाही.

२८ डिसेंबर

सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला आणि "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडला. दोन तासांनी परत आला. चपला काढल्या. पाणी मागितलं नाही.

"लस घ्यायला गेलो होतो," म्हणाला. "तुला चकित करावं म्हटलं. माझे दोन्ही डोस झालेत म्हणे."

मी तरी पाणी आणून ठेवलं.

"केंद्रावरची मुलगी म्हणाली, आजोबा, विसरलात का? आमच्याकडे नोंद आहे. तारीख दाखवली. गावाचं नाव दाखवलं. त्या गावात मी कुणाला ओळखतो, ते तुला माहीत आहे."

सांगितलं मग. सगळं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मी लस घेणार नाही म्हणालो होतो, देवश्री. खोटं बोलेन असं कधी म्हणालो होतो?" आणि थोड्या वेळाने, "तुझ्या लेखातलं ते बिनदाराचं घर. तूच शिरलीस त्यात."

२९ डिसेंबर

अश्विनी फोनवर रडली. नोंद रद्द करायची तर तालुक्याला लेखी द्यावं लागतं, लेखी दिलं की तिची नोकरी जाते. तिनेच मार्ग सुचवला — सरांनी मंगळवारी यावं, कुपीत शेवटी एखादा डोस उरतो, गुपचूप टोचते. मीही म्हटलं, दुसरं ओळखपत्र दाखवून नगरलाच घे.

सुमंत दोन्हीला नाही म्हणाला. आधी नोंद खोडायची, मग टोचायचं. गणितासारखं — पायरी गाळायची नाही.

माझ्याशी बोलतो. चहा करतो. पण आजचा लेख तसाच टेबलावर पडून होता, वाचला नाही.

३ जानेवारी २०२२

कार्यालयात टपाल फोडत होते. चौथं पाकीट हाती आलं आणि अक्षर ओळखलं.

आमची ओळखच अशी झाली होती. एकोणचाळीस वर्षांपूर्वी त्याच्या पत्रातल्या दोन ओळी मी कापल्या म्हणून भांडायला आला होता. तेव्हापासून प्रत्येक पत्राखाली लिहितो, 'काटछाट करू नये.' मी घरातच असले तरी पत्र पोस्टातून पाठवतो, कारण ते पेपरला लिहिलेलं असतं, बायकोला नाही.

पत्र इथे उतरवून ठेवते.

'संपादिका महोदयांस — आपल्या २३ नोव्हेंबरच्या लेखाशी मी सहमत नव्हतो. आता आहे. बोटीवर नियम असावाच. परंतु नियम किती सहज मोडता येतो, याचा नमुना म्हणून स्वतःची हकीकत कळवतो. माझ्या नावावर दोन डोस आहेत, दंडात एकही नाही. ही नोंद मी ओळखीतून करवून घेतली. ती करणाऱ्याचे नाव मी सांगणार नाही. दोष मागणाऱ्याचा असतो. माझी नोंद रद्द करावी आणि मला रांगेत उभे राहू द्यावे. काटछाट करू नये.'

मी करवून घेतली, म्हणतो! सबंध पत्रात खोटं तेवढंच आहे, आणि ते माझ्यासाठी.

ड्रॉवरमध्ये ठेवलं. आज पानावर जागा नव्हती. होती. तीन पत्रं मावली असती.

४ जानेवारी

"टपाल आलं का?" म्हणून विचारलं त्याने. आलं म्हटलं.

बोटीला वीस दिवस आहेत. भेट होऊ दे, मग छापू. अश्विनीचाही विचार करायला हवा — असं स्वतःला सांगते आहे.

६ जानेवारी

पत्रकार दिन. शाल, श्रीफळ. माझ्याविषयी बोलताना कोणीतरी 'निर्भीड लेखणी' म्हणालं. नारळ ड्रॉवरमध्ये ठेवायला गेले, तर पत्र.

संध्याकाळी केदारचा फोन. त्याच्या बोटीवर प्रवासी आजारी निघालेत. सगळ्यांचे डोस झालेले, तरीही. सहल रद्द. तो खोलीत कोंडलेला. बहुतेकांना नुसती सर्दी आहे म्हणतो, लसीमुळे निभावतंय. बॅग परत माळ्यावर ठेवली. सुमंतने शिडी धरली.

आता पत्र दाबून ठेवायला कारण उरलं नाही. तरी उद्याच्या पानात लावलं नाही.

११ जानेवारी

सुमंतला कणकण. बाजारात गेला होता, तिथे सगळेच खोकत होते म्हणतो.

१३ जानेवारी

ताप एकशे दोन. तपासणीत कोरोना निघाला. डॉक्टरांनी संगणकावर नाव पाहिलं. "दोन्ही झालेत? मग घाबरू नका. घरीच ठेवा, पाच दिवसांत उठतील."

सुमंत म्हणाला, "मी लस घेतलेली नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "तापात होतं असं. इथे नोंद आहे, काका."

बाहेर अश्विनीच्याच वयाची नर्स उभी होती. मी काही बोलले नाही.

१५ जानेवारी

आज बोलले. दोन दिवस उशिरा. डॉक्टरांनी मान वर केली नाही, कागदावर काहीतरी खोडलं आणि म्हणाले, "आधी सांगायचं होतं, बाई." दाखल केलं.

१९ जानेवारी

काचेतून पाहायचं. ऑक्सिजन वाढवला. केदार फोनवर त्याच्याशी बोलत राहतो. केदारची विलगीकरणाची मुदत अजून संपलेली नाही, बोटीवरून कोणाला उतरू देत नाहीत. तोही काचेपलीकडे.

अश्विनी एसटीने आली होती. आत सोडलं नाही. पायरीशी वाकून तिथूनच नमस्कार केला. म्हणाली, "काकू, मी लेखी दिलं. कालच. सरांची नोंद खोडायला सांगितली." मी तिचा हात धरला. ती पुढे म्हणाली, "सर बरे झाल्यावर मीच टोचीन."

२२ जानेवारी

पाच मिनिटं आत जाऊ दिलं. तोंडावरचा मास्क बाजूला सारून त्याने विचारलं, "छापलं का?"

"उद्या," म्हटलं.

"कापलं नाहीस ना?"

"नाही."

३ फेब्रुवारी

पत्र आज छापलं. ओळ एकही कापली नाही. दुरुस्त्या दोन केल्या. नोंदीच्या ओळीत 'मी' होतं तिथे 'माझ्या पत्नीने, या पानाच्या संपादिकेने' केलं. आणि खाली, नावाच्या आधी, कै.