धुक्यात न ओळखलेली बोट

दर्शन,

चिरंजीव लिहायला हात वळला नाही.

तुमचा तो खटल्याचा पिक्चर दहा वर्षांनी पुन्हा लागला, म्हणून काल रत्नागिरीच्या थेटरात जाऊन बघितला. साक्षीदाराचं काम झकास केलंयस. पिंजऱ्यात उभा राहून म्हणतोस, "साहेब, धुकं असलं म्हणून काय झालं? आम्ही दर्यावरची माणसं इंजिनाच्या आवाजावरून बोट ओळखतो." लोकांनी शिट्ट्या मारल्या. नंतर स्टेजवर सगळ्या नटांबरोबर तुलाही शाल दिली. दिग्दर्शक कौतुकाने म्हणाला, ते वाक्य लिहिलेलं नव्हतं, दर्शनने स्वतःचं घातलं.

मग शेटचा ट्रॉलर आपल्या होडीवर चढला आणि तुझा सख्खा भाऊ बुडाला, तेव्हा होडीत तूच होतास ना? खऱ्या कोर्टात मात्र म्हणालास, "धुकं होतं, बोट ओळखली नाही." शेट सुटला. पुढच्या हंगामात तुझी नवी बोट आली.

तिचा आवाज मला पाठ आहे. बंदरात शिरली की मी न बघताच दार लावून घेते.

हे पत्र टाकत नाही. मिळालं तरी म्हणशील, अक्षर ओळखलं नाही.

बाबल्याची बायको,
हिरा