बांधून ठेवलेला ब्रेक

उस्ताद,

सकाळपासून अंगणात मोटारसायकल उभी आहे. तिच्या पुढच्या ब्रेकचा दांडा मी माझ्या रुमालानं मुठीला घट्ट बांधून ठेवला आहे आणि ऊन उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझे हात काही ऐकत नाहीत, म्हणून सुनेचा पेन मागून घेतला आणि गाडीकडे पाठ करून ओसरीत बसलो आहे. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून एवढं लिहायची वेळ आली नव्हती.

गाडी मुलाची. तो ट्रकवर असतो. गाडी पावसाळाभर टिनाखाली उभी राहिली. आता सुनेला किन्हीराजाच्या दवाखान्यात नर्सचं काम मिळालं आहे आणि उद्या पहिला दिवस. बसची वेळ जुळत नाही. ती गाडी चांगली चालवते, मला धाक वाटतो तो रस्त्याचा. मधे उतार लागतो, त्याच्या पायथ्याशी पूल आणि पुलावर हमखास कोणाची तरी गुरं. काल मुलाला फोन लावला तर म्हणाला, "बाबा, ब्रेक तुमीच पाहा. तुमी हो म्हनसान त नेऊ द्या तिले गाडी. नाही त मंग पुढं पाहू." पुढं पाहू म्हणजे काय ते मलाही कळतं आणि सुनेलाही. ती भाकरी थापता थापता थांबली. माझ्या तोंडात नाही हा शब्द आधी येतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

ब्रेकचा दांडा दाबला तर भिजलेल्या पावासारखा मुठीपर्यंत आत जायचा. पाइपाच्या जोडातून तेल पाझरत होतं. जोडातली चकती, ते वायसर, मी बदललं, पण तेवढ्यात आत हवा शिरली. हवा काढणं दोघांचं काम. सून दांडा दाबून धरणार, मी खाली चाकाजवळची निप्पल पान्यानं उघडणार, नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येणार, मी निप्पल बंद करणार, मगच तिनं सोडायचं. बंद व्हायच्या आधी सोडलं की बाहेर गेलेली हवा उलटी आत येते. एवढं मला पाठ आहे. पण उद्याचा पूल डोळ्यासमोर असल्यानं मी तिला दम घेऊ दिला नाही. दाब, धर, सोड, दाब, धर, सोड. वर मुठीजवळच्या डबीत तेल घातलं, पुन्हा तेच. बाटलीत पांढरा फेस जमला आणि दांडा होता तसाच मऊ. शेवटी ती हात झटकत म्हणाली, "मामाजी, हे गाडी हाय का म्हैस? किती धार काढून राह्यले तुमी?" मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "राहू दे माय, हे काही जमत नाही." ती म्हणाली, "गाडी जमत नाही का माह्यं जाणं जमत नाही, तेवढं सांगा."

फेस पाहिला आणि मला शिरपूरच्या स्टँडजवळचं तुमचं दुकान दिसलं. मी तेव्हा लेकराचा बाप झालेला गडी, शेतातली मजुरी सोडून तुमच्याकडे काम शिकायला आलेलो. तुमचं आयुष्य जीपगाड्यांत गेलं, आणि डिस्कब्रेकची पहिली मोटारसायकल दुकानात आली ती जैन मंदिराच्या वाटेवरच्या कापडवाल्या शेठजींच्या मुलाची. सगळा बाजार पाहायला उभा आहे, तुम्ही खाली बसलेले, दांडा माझ्या हातात. लोक पाहतात म्हणून मी धडाधड दाबतो आहे. तुम्ही पाना खाली ठेवता, वर न पाहताच म्हणता, "अबे, तू घाबरला त तेल बी घाबरते. पाह्य, तोंडाले फेस आला त्याच्या." लोक हसतात. मी कानापर्यंत लाल. मग तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढता, दांडा मुठीला बांधता आणि शेठजींच्या मुलाला सांगता की संध्याकाळी या. मी विचारतो, आता काय करायचं? "चहा पी. हवेले वर याले रस्ता माहीत हाय, तुह्यी गरज नाही तिले." त्या दिवशी मी किती वेळा त्या गाडीकडे गेलो आणि किती वेळा तुम्ही नुसतं खाकरून मला परत बसवलं! शेवटी पेपर माझ्या हातात दिलात. तुम्हाला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही, म्हणून रोज मीच वाचून दाखवायचो. त्या दिवशी जाहिरातींसकट वाचायला लावलात. संध्याकाळी दांडा दगडासारखा झाला होता.

ते आठवलं तेव्हा मी रुमाल काढून दांडा मुठीला बांधला. सून म्हणाली, "आता गाडीले ताप आला का?" मी सांगितलं की संध्याकाळी पाहू, आणि बरेच दिवसांनी माझ्या तोंडून नाही न म्हणता पाहू निघालं. ती पदर खोचून कपडे इस्त्री करायला गेली. उद्याचेच कपडे, ते मी पाहिलं.

आता ऊन उतरलं आहे, पुढचं लिहितो. रुमाल सोडला. डबीचं झाकण उघडलं, आत थोडे बुडबुडे वर आलेले, बारीक साबुदाण्यासारखे. मग सावकाश एकदा, दोनदा निप्पल उघडली. या वेळी दाब म्हणायचं काम मी तिच्यावर सोपवलं, ती दम घेईल तसं. फेस नाही, पिवळं स्वच्छ तेल. दांडा अर्ध्यावर थांबला आणि पुढं जाईना. तुमच्या दुकानाचा कायदा होता की ज्यानं हवा काढली त्यानंच गाडीवर पहिलं बसायचं, मगच गिऱ्हाइकानं. माझ्या गुडघ्यांना आता गाडी पेलवत नाही. मी तिला कायदा सांगितला, तर म्हणाली, "मंग बसा न मागं." केनवडच्या रस्त्यानं गेलो. मोकळ्या जागी मी म्हटलं, दाब. तिनं दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली, माझं कपाळ तिच्या पाठीवर आपटलं. तिनं मागं न पाहता विचारलं, "हो का नाही, मामाजी?" मी हो म्हटलं. घरी येऊन मुलालाही फोनवर हो म्हटलं, आणि रस्त्यातल्या गुरांची गोष्ट पुन्हा सांगितली, ते वेगळं.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. तुम्ही असतात तर पेपरासारखे मीच तुम्हाला वाचून दाखवले असते, आणि वाचताना एक ओळ गाळली असती. दुपारी लिहिता लिहिता मी एकदा उठलो होतो. दांड्याला नुसतं बोट लावून आलो.