चार लाल फिती

२ फेब्रुवारी, अमरावती
लागले एकदाची नोकरीला! विमान तपासनीस. कंपनीचं नऊ आसनांचं, एका इंजिनाचं विमान रोज सकाळी अकोल्याला जातं. अमरावतीहून अकोल्याला विमानानं, वीस मिनिटांत! लोक हसतात, हसू देत. जाण्याआधी पंख, चाकं, तेल बघायचं, परतल्यावर पुन्हा तेच. साळुंक्या घरटं करतात म्हणून रात्रभर विमानाच्या हवा आत घेणाऱ्या चार तोंडांवर झाकणं असतात, प्रत्येकाला लांब लाल फीत. सकाळी ती काढून, हात उंच करून चारही फिती कॅप्टनला दाखवायच्या. त्यांनी चार बोटं दाखवली की विमान सुटतं. आईला अकोल्याला फोन केला. तिला एकदा बसवणारच.

६ फेब्रुवारी
आज हातात पाच फिती आल्या. पाचवी काळवंडलेली, झाकण अर्धं वितळलेलं, जळक्या तेलाचा वास. जुनी असेल. कपाटात टाकून कुलूप लावलं.

९ फेब्रुवारी
रोज पाच, तीच काळी पुन्हा हातात. कुलूप जसंच्या तसं. शेवटी सामान चढवणाऱ्या जैनुद्दीनचाचांना विचारलं. त्यांनी सांगितलं, तीन वर्षांपूर्वी इथलं एक विमान पडलं होतं. तपासनीस धर्मपाल यांनी घाईत तीनच झाकणं काढली. इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या तोंडावरचं राहिलं. पंधरा मिनिटांत तेल उकळून इंजिन बंद पडलं. मग धर्मपाल मरेपर्यंत रोज सकाळी कुंपणाशी येऊन हात उंच करून उभे राहायचे.
“एक फीत ढूंढते ढूंढते गया बेचारा,” चाचा म्हणाले.

१४ फेब्रुवारी
साहेबांना सांगायला हवं. पण नोकरी अजून कच्ची आहे, वेडी ठरवतील. पाच मोजते, काळी बाजूला ठेवते, चार दाखवते. सवय झाली आहे, याचंच भय वाटतं.

२० फेब्रुवारी
आई एसटीनं आली. उद्या विमानानं घरी जाईल. घाबरलीस का, विचारलं. म्हणाली, “माह्या पोरीनं पाह्यलेलं इमान हाये. मले कायचं भेव? फक्त खिडकीपाशी बसवजो.”

२१ फेब्रुवारी, ८.१२
उडालं. आईनं खिडकीतून हात हलवला, मी रडले. आणि आज चारच फिती आल्या! सुटले बाई. कॅप्टननी चार बोटं दाखवली.

८.१६
हाताला तेलाचा वास. चारांतली एक काळी आहे.
म्हणजे मी तीनच —

८.२१
वायरलेसवर आम्ही कॅप्टनना हाका मारतोय. उत्तर नाही. चाचा रडताहेत. फिती नुसत्या मोजल्या, बघितल्या नाहीत — लिहिणं थांबलं तर वेड लागेल —

८.२७
कुंपणाशी एक माणूस. हात उंच. शेजारी एकाची जागा सोडून —

८.३२
अकोला दिसायला हवं तिला एव्हाना. खिडकीपाशीच बसली आहे, मीच कॅप्टनना सांगून तिला