त्याच जागी पुन्हा

३ मार्च, मंगळवार
पुन्हा आलाय! त्याच जागी. जानेवारीत एकदा, फेब्रुवारीत एकदा, हा तिसरा. नाण्याएवढा गोल, काळपट जांभळा, मधोमध पाण्याचा फोड. आग होते. जागेचं नाव लिहायला पेन कचरतं. तीस वर्षं संस्कृत शिकवतोय, त्या अवयवाला डझनभर प्रतिशब्द पाठ आहेत – डॉक्टरसमोर एकही कामाचा नाही.
मोबाईलवर शोधलं. पहिलंच उत्तर – हर्पीस. मोबाईल पालथा ठेवला.
दाढ मात्र कालपासून शांत. हिने पर्समधली पिवळी गोळी दिली, तासाभरात ठणका गेला. चला, एक दुखणं तरी सांगितलेलं ऐकतं.

४ मार्च
नीट विचार करू. हा रोग हवेतून येत नाही. मी एकपत्नीव्रती – त्यात व्रत कमी, आळस जास्त, पण हिशेब तोच. म्हणजे माझ्याकडून नाही.
मग उरलं कोण?
डिसेंबरात ही दोन दिवस प्रशिक्षणाला गेली होती. भूमापन कचेरीत नकाशे काढणाऱ्या बाईला पंचवीस वर्षांनंतर कसलं प्रशिक्षण? परत आली ती साहेबांच्या गाडीतून. दोन दिवस गुणगुणत होती.
हे लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. खोडणार नाही. असू दे.

६ मार्च
त्वचेच्या डॉक्टरीणबाई. माझ्या मुलीच्या वयाच्या – मुलगी असती तर.
“काका, लाजू नका, मी दिवसभर हेच बघते.”
धीर यायला हवा होता; त्यांची कीव आली.
“बाहेर कुणाशी संबंध?”
“बाहेर? मी घराबाहेरच फारसा पडत नाही.”
त्या हसल्या नाहीत. फोड सुकत आलाय, आता नमुना घेऊन उपयोग नाही. तूर्त रक्त तपासा, आणि पुन्हा उठला की ताजा असतानाच या. म्हणजे आता फोडाची वाट बघायची!

७ मार्च
लॅबच्या काउंटरवरची बाई आवाजाची धनी. “हर्पीसचे कोण आहेत?”
सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. मीही बघितलं.

१० मार्च
रिपोर्ट आला. पहिली ओळ – पॉझिटिव्ह. पुढचं वाचवलं नाही. घडी करून संस्कृत कोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवला. तो खंड माझ्याशिवाय या घरात कुणी उघडत नाही.
पत्रद्वारा वर्गाच्या एकोणीस उत्तरपत्रिका तपासल्या. एका निवृत्त नर्सबाईंना वीसपैकी वीस दिले. नंतर पाहतो तर त्यांनी दुसराच धडा लिहिला होता.

११ मार्च
बैठकीत दिवाणावर झोपलो. सांगितलेलं कारण: कंबर.

१४ मार्च, शनिवार
जेवताना ही म्हणाली, “ताईकडे जाऊन येते. पंधरा दिवस. रजा साठलीये.” पुढच्या रविवारची गाडी.
“जा की,” म्हणालो. दोन शब्द, त्यातलं एक अव्यय.
तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग ताटं उचलली.

१७ मार्च
दाढेने सकाळपासून उभा जाळ काढलाय. दाताच्या डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की मी विषय बदलतो हे हिला ठाऊक आहे. न मागता गोळी दिली. एरवी तळहातावर ठेवून “गिळा आता, नाटकं नकोत” म्हणते. आज ग्लासाशेजारी ठेवली आणि निघून गेली.

१८ मार्च
आला! पहाटेच जाणवला. आनंद होण्यासारखी गोष्ट नव्हे, पण झाला. पहिल्या नंबराने दवाखान्यात हजर.
डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या काडीने नमुना घेतला. मग भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या.
“काका, दर वेळी अगदी हीच जागा? जरासुद्धा इकडेतिकडे नाही?”
“तसूभरही नाही. शिस्तीचा आहे.”
कोशातून काढून नेलेला रिपोर्ट उघडा म्हणाल्या. पूर्ण वाचला त्यांनीच. पॉझिटिव्ह आहे तो पहिला प्रकार – तापात ओठांवर फोड येतात तो. निम्म्याहून जास्त लोकांच्या रक्तात तो सापडतो, बहुतेकांना लहानपणीच मिळालेला. मला ज्याची भीती, त्या दुसऱ्या प्रकारापुढे लिहिलं होतं – निगेटिव्ह. ओळ सरळ खालीच होती! विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर बजावत आलो – वाक्य शेवटपर्यंत वाचा.
“फोडाच्या आदल्या दिवशी कुठलं औषध घेता?”
“मी औषधं घेतच नाही.”
“आठवून बघा. तारखा काढा.”
घरी येऊन ही वही मागे चाळली.
११ जानेवारी: दाढ. हिने गोळी दिली. १२ला फोड.
७ फेब्रुवारी: दाढ पुन्हा, गोळी. ८ला फोड.
२ मार्च. १७ मार्च. तीच पिवळी गोळी.
म्हणजे दुखणं हिनेच दिलं होतं हे खरं. ग्लासभर पाण्याबरोबर.

२० मार्च
काडीच्या तपासणीतही काही नाही. गोळीचीच ॲलर्जी. काही औषधं शरीरात एकच जागा धरून बसतात, दर वेळी तिथेच उठतात. डाग महिनोन्‌महिने राहील. गोळी जन्मभर बंद. नाव चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायला सांगितलं.
तिथूनच थेट दाताच्या डॉक्टरकडे. दाढ काढली. मी ओरडलो असं ते म्हणतात.

२१ मार्च, शनिवार
हिला सगळं सांगितलं. अर्धा गाल सुजलेला, त्यामुळे बोलणं थोडं बोबडं. विषयाला शोभलं.
तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “कोशातला कागद मी दहा तारखेलाच वाचला.”
“तो खंड तू उघडतेस?”
“अहो, साखर वाढल्यापासून तुम्ही पेढे कुठे लपवता? त्याच्याच मागे ना?”
“मग बोलली का नाहीस?”
“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तुम्ही दिवाणावर गेलात.” मग: “आणि तुमचा संशय कुणावर होता?”
मी सुजलेला गाल चाचपला.
“साहेबांवर? गुडघ्याला पट्टा बांधून फिरतात ते! गाडीत दोन तास सुनेची गाऱ्हाणी ऐकली मी.”
“गुणगुणत होतीस.”
“सुटले म्हणून!”
हसली. पण डोळे पुसले ते हसण्याने नव्हे. मी माफी मागितली. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून तिने केराच्या डब्यात टाकली. “आणि दर वेळी मीच देत होते,” म्हणाली.

२२ मार्च, रविवार
ही गेली नाही. “ती बॅग तेवढी माळ्यावर टाका,” म्हणाली. उचलवेना, म्हणून उघडली. दोन स्वेटर, जाड शाल, नोकरीची मूळ कागदपत्रं, तिच्या आईचा भिंतीवरचा फोटो.
बाहेर ऊन मी म्हणतंय. पंधरा दिवसांसाठी!